दाराबाहेरचे जोमाकाका

मी एकदा एका माणसाला ‘या’ म्हटलं नाही. ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. आणि ज्याला म्हटलं नाही त्याला सांगायची गरजच नव्हती, तो समोरच उभा होता.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एक ‘या’ राहून गेलं तर काय बिघडलं? दुसऱ्या कुणाच्या बाबतीत काहीच बिघडलं नसतं. पण ते जोमाकाका होते, आणि जोमाकाका त्या एका शब्दाशिवाय कुठेही पाऊल टाकत नसत.

कुठेही म्हणजे कुठेही. आम्ही सीवूड्सला राहायला आलो तेव्हा चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोनच फ्लॅट होते, एक आमचा, एक त्यांचा. पहिल्याच सकाळी दाराची जाळी उघडली तर बाहेर एक सत्तरीचा माणूस उभा. अंगात पांढरा सदरा, खाली चौकड्यांची लुंगी, खांद्यावर रुमाल, हातात पाण्याची कळशी. नवीन शेजाऱ्यांकडे पाण्याची सोय झाली नसेल म्हणून घेऊन आले होते. बेल वाजवली नव्हती. किती वेळ उभे होते, देव जाणे. मी म्हटलं, “अरे, तुम्ही कशाला त्रास घेतलात?” ते हलले नाहीत. मी म्हटलं, “द्या इकडे.” तरी हलले नाहीत. शेवटी आतून बायको म्हणाली, “अहो, त्यांना आत या तरी म्हणा.” मी “या” म्हटलं. त्याबरोबर ते चपला काढून, जणू घर त्यांचंच आहे अशा थाटात, थेट स्वयंपाकघरापर्यंत गेले आणि ओट्यावर कळशी ठेवून म्हणाले, “चूक नाय काढत वैनी, पन गॅस खिरकीजवल नसाचा. वारा खातो.”

‘चूक नाय काढत, पन’ हे त्यांचं पालुपद. त्याच्या मागून चूक येणार हे ठरलेलं. माझी बायको साताऱ्याकडची, मासे करायला इथे येऊन शिकली. तिचं पहिलं कालवण चाखून ते म्हणाले होते, “चूक नाय काढत, पन यातशी मासा पोवून गेलाय. ऱ्हायला नाय.”

तर ते ‘या’. डॉक्टरांकडे नंबर पुकारला की जोमाकाका उठून केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहत. डॉक्टर कॉम्प्युटरात डोकं घालून बसलेले. पाच मिनिटं गेली की बाहेरचे पेशंट ओरडायला लागत. सोसायटीच्या मीटिंगला ते सगळ्यांच्या आधी पोचत आणि चेअरमननी ‘या’ म्हणेपर्यंत जिन्यात थांबत. आमचे चेअरमन जरा तुसडे होते. एकदा ते विसरले, तर जोमाकाकांनी दीड तास बाहेरूनच मीटिंग ऐकली आणि पाण्याच्या टाकीच्या विषयावर बाहेरूनच हात वर केला. तो धरला गेला नाही, आणि ठराव एका मतानं पडला. त्यानंतर चेअरमन कधी विसरले नाहीत.

लिफ्टची तर कमालच. आत कुणी असलं आणि ‘या काका’ म्हणालं तरच ते चढत. रिकामी लिफ्ट आली की सरळ जिना धरत, चार मजले. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “आत एक बाय बोलते. ती दरवाजा बंद करा बोलते. ‘या’ कवा बोलल्येय का?”

जोमाकाका इथलेच, खाडीकाठच्या गावातले. बापजाद्यांचा धंदा मिठागराचा. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढून ढीग करायचे. शहर आलं तेव्हा मिठागर गेलं, बऱ्याच वर्षांनी बदल्यात प्लॉट मिळाला, प्लॉटवर बिल्डिंग झाली, आणि मिठागराच्या मालकाला चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एक मुलगी, ती उरणकडे दिलेली. काका गॅलरीत उभं राहून मला दाखवायचे, “तो पानीपुरीवाला उभा हाय ना भाऊ, तो आमचा तिसरा वाफा. त्याच्या पानीपुरीला चव हाय ती उगाच नाय.” घरात एका मोठ्या बरणीत त्यांनी शेवटच्या वर्षाचं जाडं मीठ जपून ठेवलं होतं. पाकिटातल्या मिठाला ते मीठ म्हणत नसत. पीठ म्हणत.

आता मालिकेकडे येतो, कारण सगळं तिथेच घडलं.

माझी मुलगी ऋता तेव्हा दहावीत होती. आईनं तिच्याशी तह केला होता: आठवड्याला एकच भाग, शनिवारी संध्याकाळी सहाला. मालिका अमेरिकेतल्या कुठल्याशा धुकट गावातली. तिथल्या शाळेत एक मुलगा रक्त पिणारा, एक पौर्णिमेला लांडगा होणारा, एक मुलगी मंतरतंतर करणारी, आणि या सगळ्यांवर जीव लावून दमलेली एक साधी मुलगी. सगळं हिंदीत डब केलेलं, त्यामुळे भुतंसुद्धा साबणाच्या जाहिरातीतल्यासारखी गोड बोलायची.

पहिल्या शनिवारी जोमाकाका चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, पिशवी घेऊन जाळीशी उभे होते. खाडीत कुणी ओळखीचा गेला की यांना चिंबोऱ्या मिळायच्या, आणि त्यातल्या अर्ध्या आमच्याकडे यायच्या, जिवंत. आत टीव्हीवर त्या मुलाच्या तोंडातून रक्त ओघळत होतं. काका जाळीतून बघत राहिले.

“याला काय झाला गो? हिरड्यांचा तरास हाय का?”

ऋता हसली. “काका, तो रक्त पितो. या ना आत.”

ते आत आले, जमिनीवर मांडी घालून बसले. “कोनाचा रक्त?”

“माणसांचं.”

“आनि मास्तर काय करतान?”

“मास्तरांना माहीत नाही. तो तीनशे वर्षांचा आहे.”

काकांनी स्क्रीनकडे नीट बघितलं. “तीनशे वर्साचा. आनि अजून बारावीतच?”

झालं. त्यानंतरचे वीस शनिवार, सहाला पाच कमी असताना जाळीशी खोकला ऐकू यायचा, ऋता “या काका” म्हणायची आणि काका येऊन टीव्हीसमोर बसायचे. त्यांनी सगळ्यांची नावं बदलून टाकली. रक्त पिणारा तो दात्या. लांडगा होणारा पुनव्या. मंतरतंतरवाली भगतीन. साध्या मुलीला ते ‘आपली पोर’ म्हणत, आणि तिचा बाप, जो पोलिसात होता आणि ज्याचा दात्यावर डोळा होता, तो ‘बापूस’.

दात्याबद्दल त्यांना एकच काळजी. त्याला जेवायला कोण घालतं? कुणाच्या घरी पंगत असली की दात्या ताटाला हात न लावता बसायचा, आणि काका अस्वस्थ व्हायचे. “ताट तसाच हाय बग. त्याची आईस कुठं हाय?” आई तीनशे वर्षांपूर्वी वारली, असं कळल्यावर म्हणाले, “तरीच.”

पुनव्याचं त्यांना सगळंच पटायचं. पौर्णिमेला माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, यात त्यांना भुताखेताचं काही वाटलं नाही. “पुनवेची भरती मोठी. बांध फुटल म्हनून आमी पन रातभर बांधावर आरडत फिरायचो. आमाना कोनी लांडगा नाय बोल्ला.”

एका भागात दुष्ट आत्म्याला अडवायला त्या पोरांनी खोलीभोवती मिठाची रेघ ओढली. टीव्हीवर पांढरी, बारीक, रांगोळीसारखी रेघ. काका उठून उभेच राहिले.

“चूक नाय काढत, पन हे पीठ हाय. यानं भूत काय, मुंगी नाय थांबाची.”

आणि जाऊन बरणीच घेऊन आले. दाराशी थांबले. ऋता, “या काका, लवकर या, आत्मा येतोय.” मग त्यांनी आमच्या हॉलमध्ये, सोफ्यापासून शोकेसपर्यंत, मनगटाच्या एका झटक्यानं जाड्या मिठाची रेघ अशी काही ओढली की मी हातातला पेपर खाली ठेवला. सरळ, एकसारखी, कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही. चाळीस वर्षं मीठ ओढलेला हात होता तो. बायकोनं दोन दिवस ती रेघ झाडली नाही. मोलकरणीला सांगितलं, इथलं राहू दे.

मी पेपर ठेवला असं म्हटलं. ते खरं सांगायला हवं. मी मितभाषी माणूस आहे. तळोज्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी, दिवसभर बाटल्यांशी संबंध, घरी आलो की बोलायची सवयच राहिली नव्हती. शनिवारी सहाला मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसायचो. मला ही मालिका बघायची नाही असं दाखवायचो. एकदा मध्यंतराला काका म्हणाले, “चूक नाय काढत भाऊ, पन मगाधरनं तुमी पान नाय उलटला.” ऋता इतकी हसली की तिला ठसका लागला. आज मागे वळून बघतो तर मुलगी लहान असतानाचे माझे सगळ्यात चांगले तास ते होते. हॉलमध्ये मुलगी, जमिनीवर काका, कुकरची शिट्टी, आणि टीव्हीवर रक्तानं माखलेला एक नापास मुलगा.

मग एकविसावा भाग आला.

आपल्या पोरीचा वाढदिवस. घरात दिवे, गाणी, सगळी शाळा जमलेली. दात्या बाहेर. त्याच्या जातीचा नियम असा की घरच्या माणसानं ‘आत ये’ म्हटल्याशिवाय त्याला कुणाच्या घरात पाऊल टाकता येत नाही. तो उंबऱ्याबाहेर उभा. पाठीत काहीतरी लागलेलं, रक्त वाहतंय, या वेळी त्याचं स्वतःचं. पोर आतून धावत आली, तर बापानं तिला मागे ओढलं आणि तो दारात आडवा उभा राहिला. दात्या बापाकडे बघतोय, बाप दात्याकडे. तिथेच भाग संपला. पुढचा शेवटचा.

ऋता म्हणाली, “काका, कळलं ना? बोलावलं नाही तर त्याला आत येताच येत नाही. रूल आहे.”

काका टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत होते. “मना म्हाईत हाय तो रूल,” म्हणाले.

आणि मग त्यांनी तिला सांगितलं. मी खुर्चीतच होतो, पेपरमागे. मला सांगत नव्हते, तिला सांगत होते. पण मी ऐकलं, हे महत्त्वाचं आहे.

“मी बारा वर्साचा असन. माज्या थोरल्या भाऊसनं परजातीची पोर केली. गावकीनं बापसाला सांगितला, पोराला घराभायेर काढ. बापूस बोल्ला, नाय काढाचा. मंग आमाना सगल्यांनाच वालीत टाकला. तीन वर्सा. कोनी आमच्या दारान येवाचा नाय, आमी कोनाच्या दारान जावाचा नाय. आमच्यान हलदीचा आवतान द्यायला बायका निगतान. घराघरान जातान, नाव घेऊन बोलावतान. शेजारच्या घरी आवाज येयाचा, ‘हलदीला येवाचा हाय गो’. मंग आमच्या दारावरशी पावला फुडं जायाची. मी उंबऱ्यावर बसलेला असायचो. दर टायमाला वाटायचा, या टायमाला थांबतीन.”

“मग?” ऋता.

“मंग काय. तीन वर्सांनी उठली वाली. पयला आवतान आला तवा माजी आईस आतल्या खोलीन पलाली. आनंदान का रागान, मना अजून समजला नाय. आता सगले चांगले हायेत. गावान गेलो तर चार घरी जेवाचा लागतो. पन बोलावल्याबिगर मी जात नाय. कोनाला बलजबरी वाटाय नको.”

“पण काका, आता तुम्हाला कोण नाही म्हणणार?”

“म्हाईत हाय गो बाय,” काका म्हणाले. “मना म्हाईत हाय. पायाला म्हाईत नाय.”

मी पेपरचं पान उलटलं. त्या दिवशी एवढंच केलं.

पुढच्या शनिवारी शेवटचा भाग. ऋतानं आठवडाभर स्वतःला आवरलं होतं. मैत्रिणी शेवट सांगू लागल्या की कानात बोटं घालायची. काकांनी तिला बजावलं होतं, “माज्याबिगर नाय बगाचा.”

त्या शनिवारी पावणेसहाला आमच्या कारखान्याचे नवे साहेब आणि त्यांच्या मिसेस घरी आले. मॉलमध्ये खरेदीला आले होते, मीच शुक्रवारी म्हटलं होतं, जवळच आहे, चहाला या. त्यांना मी किती सहज ‘या’ म्हटलं होतं ते बघा. माझं बढतीचं चाललं होतं. साहेब कडक शाकाहारी, कपाळाला गंध. बायको स्वयंपाकघरात कांदाभजी तळत होती. ऋता क्लासहून यायची होती, दहा मिनिटांत येणार होती.

सहाला पाच कमी. जाळीशी खोकला.

मी मान वळवली. काका उभे. नवा कोरा सदरा, इस्त्री केलेला. केस पाण्यानं बसवलेले. शेवटच्या भागासाठी तयार होऊन आले होते, लग्नाला जावं तसे. हातात पिशवी, पिशवीत चिंबोऱ्या, आणि त्या पिशवीत खुडखुडत होत्या. जाळीतून त्यांनी आत बघितलं, पाहुणे बघितले, आणि माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखे थांबले. घाई नव्हती त्यांना. मी म्हणणार, याबद्दल त्यांना शंकाच नव्हती.

साहेबांनी विचारलं, “कोणी आलंय का?”

मी म्हटलं, “नाही, शेजारचे. त्यांना तशी सवय आहे, उभं राहायची.”

आणि उठून मी जाळीच्या आतलं लाकडी दार लावलं. आपटलं नाही. हळूच, वारा येतोय म्हणून लावतात तसं लावलं. दार मिटताना फटीतून मला त्यांचा चेहरा दिसला. राग नव्हता त्यावर. ओळख होती. आधी कुठेतरी बघितलेली गोष्ट पुन्हा दिसावी तशी.

साहेब आता त्यांच्या जुन्या गावाबद्दल काहीतरी सांगत होते. मी हं हं करत होतो. दाराबाहेर पिशवीतली खुडखुड ऐकू येत होती. मी मोजत नव्हतो, पण साहेबांचा चहा संपला तरी ती येत होती. मग थांबली.

साहेब चांगला माणूस होता. काका आत येऊन बसले असते, पिशवी उघडून चिंबोरी दाखवली असती, ‘चूक नाय काढत, पन’ म्हणून साहेबांच्या गंधावर बोलले असते, तरी साहेब हसलेच असते. हे मला नंतर सुचलं असं नाही. तेव्हाच माहीत होतं. तरी दार मीच लावलं.

पाहुणे जिन्यानं उतरले आणि लिफ्टमधून ऋता आली, क्लास लांबला होता. दप्तर टाकलं आणि टीव्हीकडे धावली. “काका आले नाहीत?”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अगं, मला खोकला ऐकू आला होता.”

मी म्हटलं, “आले होते. मी या म्हटलं. नको म्हणाले.”

ऋता माझ्याकडे बघत राहिली. “काका नको म्हणाले? आज?” आणि ती तशीच समोरच्या दारात गेली. मी तिच्या मागे पॅसेजपर्यंत गेलो. थांबवायला गेलो होतो की काय, आता आठवत नाही.

काकांचं दार उघडंच होतं. ते नव्या सदऱ्यात, खाली बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतळीनं बांधत होते.

“काका, बाबांनी बोलावलं आणि तुम्ही नाही म्हणालात? आपलं काय ठरलं होतं?”

काकांनी वर बघितलं. तिच्या डोक्यावरून त्यांना मी दिसलो. मी तिथून हललो नाही, बोललोही नाही. त्यांच्या हातात एक चिंबोरी होती, तिची एक नांगी अजून मोकळी होती.

“व्हय,” ते म्हणाले. “बोलावला ना. तुजा बापूस चांगला दोन टायमाला बोल्ला, या या. मनाच बरा वाटत नवता.”

“ताप आहे का?” ऋतानं कपाळाला हात लावला.

“नाय गो. असाच. तू बग जा तुजा सिनेमा. आनि मना शेवट सांगू नको. बगू कवातरी.”

‘बोलावला ना’ म्हणताना त्यांचा आवाज हलला नाही. चिंबोरीसुद्धा नीट बांधली. ऋतानं शेवटचा भाग त्या दिवशी बघितला नाही. रुसून बसली. पुढच्या शनिवारी सहाला तिनं स्वतः समोर जाऊन बोलावलं, तर काका गुडघे दाखवून म्हणाले, “बसवत नाय गो जमिनीवर.” खुर्ची देते म्हणाली, तर म्हणाले, “बगू.” ऋताच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. घर माझं होतं. बोलावणं माझं यायला हवं होतं. मी रोज सकाळी जाळी उघडताना म्हणायचं ठरवायचो आणि रोज “काय काका, बरं आहे ना?” एवढं विचारून लिफ्टमध्ये शिरायचो.

तीन महिन्यांनी काकांची मुलगी त्यांना उरणकडे घेऊन गेली. गुडघ्यांनी चार मजले झेपेनात, आणि लिफ्टमधली बाय अजूनही ‘या’ म्हणत नव्हती. जाताना मिठाची बरणी ते ऋताला देऊन गेले.

याला चार वर्षं झाली. ऋता आता पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. तिनं तो शेवटचा भाग अजून बघितलेला नाही, काकांबरोबरच बघणार म्हणते. मी मात्र बघितला. एका दुपारी, घरात कुणी नसताना, पेपर न धरता. त्यात तो बाप बराच वेळ दारात आडवा उभा राहतो. मग बाजूला होतो, आणि दात्याकडे न बघता म्हणतो, आत ये.

गेल्या महिन्यात ऋताचा फोन आला. दिवाळीत ती येणार, काकांना घरी आणायचं आणि तो भाग एकत्र बघायचा. “काकांना फोनवर ऐकू येत नाही आता. बाबा, तुम्ही जाऊन बोलावून या ना. त्यांच्यात तसंच असतं, घरी जाऊन बोलवायचं असतं.”

मी गेलो. मुलीचं घर गावाच्या कडेला, पुढे ओटा. काका ओट्याच्या आतल्या बाजूला खाटेवर बसले होते, वाळले होते. मी पायरीशी थांबलो. वाटलं, यांनी मला थोडा वेळ इथेच उभं करावं. चहा संपेपर्यंत तरी करावं.

माझा खोकायचा विचार पुरा व्हायच्या आत आवाज आला, “या भाऊ. आत या.”

आत गेलो. चहा झाला. त्यांनी वैनींच्या कालवणाची चौकशी केली, पाणीपुरीवाला अजून तिसऱ्या वाफ्यातच उभा राहतो का ते विचारलं. मग मी कानाशी वाकून, मोठ्यानं सांगितलं, “काका, दिवाळीत आमच्याकडे यायचं आहे. शेवटचा भाग बघायला.”

ते खूश झाले. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, “कोन बोलावतंय?”

साधा प्रश्न. त्यांच्यात आवतण कुणाचं ते विचारतात. उत्तर एका अक्षराचं होतं. मी म्हटलं, “ऋता. ऋता बोलावतेय.”

“बरा,” काका म्हणाले. “येन.”

काकांनी खांद्यावरचा रुमाल नीट केला. मग तेच म्हणाले, “त्या दात्याला शेवटी आत घेतला असल. बापूसच घेल, बगा तुमी. पोरीचा बाप असतो ना, त्याला जरा टाइम लागतो.”

मी कपाकडे बघत होतो. निघायला उठलो तसा त्यांनी माझा हात धरला. “चूक नाय काढत भाऊ,” म्हणाले.

मी थांबलो. ‘पन’ची वाट बघत थांबलो. तो आला नाही. त्यांनी हात सोडला आणि लेकीला हाक मारली, भाऊंना पायरीपर्यंत सोड, पायरी मोडलेली हाय.

दिवाळीत ते येतील. लिफ्टमध्ये मी आधी शिरून त्यांना बोलावेन, तेवढं मला जमेल. वर ते आमच्या जाळीबाहेर उभे राहतील. त्याआधी मला ऋताला सांगायचं आहे की त्या शनिवारी मी काकांना बोलावलं नव्हतं, आणि काका माझ्यासाठी खोटं बोलले. मग दार उघडून, घरात कोणीही असो, ‘या’ मी म्हणायचं आहे. ऋताला एक खरं आणि जोमाकाकांना एक ‘या’. दोन्ही अजून द्यायची आहेत.